सहाव्या वर्षी मागून येणारी दाढ

जूनच्या अखेरीस विदर्भातल्या शाळा उघडल्या की पहिल्या पंधरवड्यातच पहिलीच्या वर्गात कुणीतरी हात वर करतं. "मॅडम, माझा दात हालून राहिला." एवढं म्हणायचा अवकाश, अख्खी पट्टी उठून त्याच्याभोवती गोळा होते. प्रत्येकाला तो दात बघायचा असतो, एखाद्याला बोट लावून बघायचं असतं. आणि ज्याचा आधीच पडलेला असतो तो ओठ वर करून आपली खिडकी दाखवतो आणि जाणत्यासारखा सांगतो, "काही नाही होत, थोडसं खारं लागते."

मी कुडव्यात राहते आणि बरीच वर्षं पहिलीला शिकवते आहे. कुडवा गोंदियाला इतकं खेटून आहे की शहर कुठे संपलं आणि गाव कुठे लागलं हे नव्या माणसाला कळत नाही. माझ्या वर्गात रोवणीला जाणाऱ्या आईचं लेकरू असतं आणि गोंदियात नोकरीला जाणाऱ्या बापाचंही. घरी कुणी मराठी बोलतं, कुणी पोवारी, कुणी हिंदी. दात मात्र सगळ्यांचे एकाच सुमारास हलायला लागतात. मग आईवडील शाळेच्या फाटकाशी थांबून विचारतात. "पाचच वर्षांची आहे, आताच कसा पडला?" "सात पूर्ण झाले, अजून एकही नाही हलला, काही कमी तर नाही ना?" "मागून दुसराच दात आला, आता दोन रांगा होणार का?" त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. पण सुरुवात करते ती कुणीच न विचारलेल्या गोष्टीपासून. मीही ती विचारली नव्हती, आणि त्याचा त्रास माझ्या मुलीला भोगावा लागला.

ती सहा वर्षांची असताना तिचा खालचा पुढचा दात पडला. घरात केवढं कौतुक! आजीने तो शेणाच्या गोळीत घालून तिच्याच हाताने छपरावर फेकायला लावला, मामाला फोटो गेला. त्याच महिन्यांत तिच्या तोंडात अगदी मागे, दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही पलीकडे, नव्या दाढा हिरडीतून वर येत होत्या. तिकडे घरात एकानेही बघितलं नाही. आठव्या वर्षी एका रात्री ती गाल धरून रडत उठली. मोबाइलची बॅटरी लावून बघितलं तर मागच्या दाढेला भोक. मी तिला थोपटत म्हटलं, दुधाची दाढ आहे, पडून जाईल. सकाळी दातांच्या डॉक्टरांनी छोटा आरसा आत धरला, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "ताई, ही दुधाची नाही. ही जन्मभराची आहे."

ही दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते, म्हणून तिला सहा वर्षांची दाढ म्हणतात. खाली दोन, वर दोन, अशा चार. ती येताना दुधाचा एकही दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला चाहूल लागत नाही. मूल फार तर दोन दिवस मागे दुखतंय म्हणतं, जेवण टाळतं, आपण म्हणतो पोट बिघडलं असेल. वरून बघितलं तर ती आजूबाजूच्या दुधाच्या दाढांसारखीच दिसते. फक्त थोडी मोठी, थोडी पिवळसर, आणि तिच्या माथ्यावरच्या खाचा खोल असतात. अर्धवट वर आलेली असताना तिच्या मागच्या भागावर हिरडीची एक झालर राहते. त्या झालरीखाली भाताचं शीत, बिस्किटाचा लगदा अडकून बसतो. सहा वर्षांच्या मुलाचा ब्रश तिथपर्यंत पोचत नाही. पुढचे दात घासले की त्याच्या दृष्टीने काम संपलेलं असतं. म्हणून जन्मभर चावायचं ओझं जिच्यावर पडणार, पक्क्या दातांत बहुतेकदा तीच दाढ पहिली किडते.

दात असे ठरावीक वयात येतात, म्हणून त्यांवरून वय ओळखता येतं, हे वैद्यकाला फार आधीपासून माहीत आहे. इंग्लंडमध्ये १८३३ चा कारखाना कायदा आला आणि नऊ वर्षांखालच्या मुलांना कापडगिरण्यांत कामाला ठेवायला बंदी झाली. पण जन्माची नोंदच नसेल तर मूल नऊ वर्षांचं आहे की सात, हे ठरवायचं कसं? १८३७ मध्ये एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने हजारावर मुलांचे दात तपासून एक पुस्तिका लिहिली आणि दाखवून दिलं की उंचीपेक्षा दातांवरून वय जास्त नेमकं कळतं. आपल्याकडेही दाखल्यांच्या आधीच्या काळात शाळेत घालताना डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान पकडायला लावत. दात पडायला लागले म्हणजे लेकरू शाळेजोगं झालं, असं म्हणणारी जुनी माणसं आमच्याकडे अजून आहेत.

आता दुधाच्या दातांकडे वळते. ते वीस असतात, दहा वर, दहा खाली. पुढचे आठ पटाशीचे, चार सुळे आणि आठ दाढा. पक्के दात खालून किंवा वरून आपल्या जागेकडे सरकू लागले की शरीरातल्या खास पेशी दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळवून टाकतात. मूळ गेलं की दात नुसत्या हिरडीच्या आधारावर उरतो, हलतो आणि एक दिवस हातात येतो. पडलेला दात एकदा तळहातावर घेऊन बघा. खाली मूळच नसतं, कडा खडबडीत आणि आत बारीकशी पोकळी, उंबराचं फळ पोखरल्यासारखी. पुष्कळ आया तो बघून घाबरतात, मूळ आत तुटून राहिलं की काय म्हणून. तसं नसतं. मूळ शरीराने आधीच परत घेतलेलं असतं.

पडण्याचा क्रम बहुतेक मुलांत सारखाच असतो. आधी खालचे मधले दोन, सहाव्या-सातव्या वर्षी. मग वरचे मधले दोन, सातव्या-आठव्या वर्षी. त्यांच्या बाजूचे आठव्या-नवव्या वर्षापर्यंत. त्यानंतर दीडेक वर्ष तोंडात शांतता असते आणि आईबापांना वाटतं, झालं एकदाचं. पण मागच्या दुधाच्या दाढा आणि सुळे नऊ ते बारा या वयात पडतात. बाराव्या-तेराव्या वर्षी आणखी मागे दुसरी पक्की दाढ येते. अक्कलदाढ मग कधीतरी सतरानंतर, आणि काहींना येतही नाही. मुलींचे दात मुलांपेक्षा थोडे आधी पडतात. ज्या बाळाला पहिला दात लवकर आला त्याचा पडतोही लवकर, आणि ज्याचं बोळकं वर्षभर टिकलं त्याचा उशिरा पडतो. म्हणून शेजारच्या मुलाशी तुलना करण्यापेक्षा आपल्याच मुलाला पहिला दात कधी आला होता ते आठवा.

पाचव्या वर्षी पडला तरी काळजी नाही, सातव्या वर्षी पडला तरी नाही. मात्र चार वर्षांच्या आत, काही मार न लागता दात आपोआप पडायला लागले, तर दाखवून घ्यायलाच हवं. आणि आठ पूर्ण होऊनही एकही हलला नसेल तर एक एक्स-रे काढून घ्यावा, म्हणजे खाली पक्के दात आहेत ना, ते कळतं. उशीर होतो म्हणून कॅल्शियमचं औषध आणून पाजणारे पालक मला दरवर्षी भेटतात. त्याने दात लवकर पडत नाही की येत नाही. सहा वर्षांच्या दाढेचं बांधकाम बाळ जन्मतं त्या सुमारास सुरू होतं आणि तिचा दिसणारा भाग तिसऱ्या वर्षापर्यंत तयार झालेला असतो. सातव्या वर्षी पाजलेलं औषध तिथे काय करणार? तेच पैसे दूध, अंडी, डाळ, शेंगदाणे यांवर खर्च केले तर अंगाला लागतील.

दोन रांगांचं सांगते, कारण सर्वांत जास्त घाबरलेल्या आया याच कारणाने येतात. खालचा दुधाचा दात अजून जागेवर घट्ट, आणि त्याच्या मागे जिभेच्या बाजूने पक्का दात डोकं वर काढतो. हे पुष्कळ मुलांत दिसतं. दुधाचा दात हलत असेल तर मुलाला जिभेने, स्वच्छ धुतलेल्या बोटाने तो मागेपुढे करू द्या. तो पडला की जीभच मागच्या दाताला हळूहळू पुढे ढकलून ओळीत आणते. दोन-तीन महिने वाट बघून दुधाचा दात जराही हलत नसेल, किंवा हे वरच्या दातांत झालं असेल, तर डॉक्टरांकडे जा. ते दुधाचा दात काढतात आणि प्रश्न बहुधा तिथेच सुटतो.

नवा दात आला की पुढची तक्रार रंगाची. "दुधाचा किती पांढरा होता, हा पिवळा आला." पक्का दात पिवळसरच असतो, दुधाच्या दातांच्या शेजारी तो जास्त डोळ्यांत भरतो. त्याच्या टोकाला करवतीसारखे तीन बारीक दातेरे असतात, ते चावून चावून पुढे झिजतात. वरच्या दोन दातांमध्ये फट असते आणि दोन्ही दात बाहेरच्या बाजूला फाकलेले दिसतात. सात ते बारा या वयात हे असंच दिसायचं. सुळे खाली उतरले की बहुतेक वेळा फट आपोआप मिटते. या वयात "किती वेडेवाकडे दात तुझे" असं त्या मुलाच्या तोंडावर म्हणणारे पाहुणे येतात. त्यांना घरच्यांनी तिथेच थांबवावं. आठ वर्षांची मुलगी ते ऐकते आणि मग फोटोत हसायचं बंद करते. हे मी बघितलेलं आहे.

बोलण्याचंही तेच. पुढचे दात गेले की 'स' म्हणताना हवा निसटते, 'ससा' 'थथा' होतो. वर्गात मोठ्याने वाचायची वेळ आली की असं मूल गप्प बसतं. मी अशा वेळी सगळ्यांनाच एकदम वाचायला लावते. दात आले की उच्चार सुधारतो, त्यासाठी काही करावं लागत नाही.

प्रत्यक्ष दात पडताना काय करायचं? शक्यतो काहीच नाही. दोरा बांधून ओढणं, दाराच्या कडीला बांधून दार लोटणं, हे प्रकार अजून चालतात. मूळ पूर्ण विरघळलेलं नसेल तर अशाने हिरडी फाटते, मुळाचा तुकडा आत राहतो, आणि ते मूल पुढे कधी कुणाला तोंडात बघू देत नाही. दात अगदी धाग्यावर लटकला असेल, जेवू देत नसेल, आणि मूल स्वतः काढा म्हणत असेल, तर स्वच्छ कापडात तो धरून हलकासा पीळ द्यावा. निघाला तर निघाला. नाही निघाला तर त्याची वेळ झालेली नाही. रक्त आलं तर स्वच्छ सुती कापडाची घडी त्या जागी ठेवून मुलाला दहा मिनिटं चावून धरायला सांगा. सारख्या चुळा भरू नयेत, जमत आलेलं रक्त निघून जातं. हळद, चुना, तंबाखू यांतलं काहीही लावायचं नाही. अर्ध्या तासानंतरही रक्त थांबत नसेल तर दवाखाना. दुखलंच तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल चालतं, ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. आणि दात जेवताना गिळला गेला तर घाबरू नका, तो शौचावाटे निघून जातो. फक्त गिळल्यावर ठसका थांबत नसेल, श्वास घरघरत असेल, तर लगेच न्यावं.

दात हलत असताना पोरं ऊस सोलू शकत नाहीत, कच्चा जाम चावू शकत नाहीत. डब्यात फळ असेल तर फोडी करून द्या. एरवी नरम भात-वरण आहेच.

मुलाच्या मनाचाही विचार करावा. पहिल्यांदा दात हलतो तेव्हा काही मुलांना आपल्या शरीरातलं काहीतरी मोडतंय असं वाटतं. माझ्या वर्गातली एक मुलगी तीन दिवस तोंड मिटून बसली होती. तिला वाटत होतं, तोंड उघडलं तर सगळेच पडतील. अशा वेळी उंदराची गोष्ट कामी येते. पडलेला दात उंदराच्या बिळात टाकायचा किंवा छपरावर फेकायचा आणि त्याच्याकडे त्याच्यासारखे मजबूत दात मागायचे, ही आपली रीत. कुणी तो तुळशीच्या कुंडीत पुरतं. उंदराचीच निवड का, याला अर्थ आहे. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. स्पेनमध्येही दात न्यायला उंदीरच येतो. तिथे १८९४ च्या सुमारास लुईस कोलोमा या पाद्री लेखकाने आठ वर्षांच्या राजाचा, तेराव्या अल्फोन्सोचा, दात पडल्यावर त्याच्यासाठी उंदराची गोष्ट लिहिली होती. जपानात खालचा दात छपरावर फेकतात आणि वरचा घराच्या जमिनीखाली टाकतात, म्हणजे नवा दात त्या दिशेने सरळ वाढेल. आता कुडव्यात कौलं कमी होऊन स्लॅब आले, छपरावर दात फेकला की तो टपकन अंगणात परत येतो. पोरं पुन्हा फेकतात. ही रीत मोडू नये असं मला मनापासून वाटतं. तिच्यामुळे हरवलेल्या गोष्टीबद्दलची भीती निघून जाते आणि लेकरू दुसऱ्या दाताची वाट बघायला लागतं.

पण याच रीतीच्या आडून आपण एक चुकीची समजूत पाळत आलो आहोत. "दुधाचा आहे, पडणारच आहे, त्यावर कशाला पैसे घालवायचे?" हे वाक्य मी शंभरदा ऐकलं आहे, एकदा स्वतःही बोलले आहे. दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत कामावर असतात. पाचव्या वर्षी किडलेली दाढ म्हणजे सहा-सात वर्षांचं दुखणं. दुधाच्या दातावरचं टणक आवरण पातळ असतं, त्यामुळे कीड लवकर नसेपर्यंत जाते. मुळाशी पू झाला तर खाली वाढत असलेल्या पक्क्या दातावरही डाग पडतात, कधी तो खडबडीत येतो. शिवाय मूल एका बाजूने चावायला लागतं, नीट जेवत नाही, रात्री झोपत नाही आणि सकाळी वर्गात पेंगतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात जगभरातल्या ५१ कोटी ४० लाख मुलांच्या दुधाच्या दातांना कीड असल्याचं म्हटलं आहे. मला मात्र माझ्या वर्गातली मागच्या रांगेत गाल धरून बसलेली दोन पोरंच आठवतात.

दुधाची दाढ वेळेआधी काढून टाकली तर आणखी एक घोटाळा होतो. पट्टीवर मुलं दाटीने बसलेली असतात. मधलं एक पाणी प्यायला उठलं की दोन्ही बाजूंची सरकून मोकळी बसतात. ते परत आल्यावर त्याला जागाच नसते, मग ते कोपरं मारत तिरकं घुसतं. दातांचं अगदी असंच होतं. दुधाची दाढ पक्क्या दाढेची जागा धरून बसलेली असते. ती लवकर गेली की मागची सहा वर्षांची दाढ पुढे सरकते, आणि खालून येणारी नवी दाढ तिरकी येते किंवा आतच अडकते. म्हणून किडलेली दुधाची दाढ वाचण्यासारखी असेल तर सिमेंट भरून, गरज पडली तर टोपी बसवून वाचवावी. काढावीच लागली तर डॉक्टरांना जागा राखणारी तार बसवायची गरज आहे का, हे आवर्जून विचारा. लहान मूल खुर्चीत बसूच देत नसेल तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं एक द्रावण आहे. ते किडलेल्या जागेवर नुसतं लावतात, मशीन फिरवावं लागत नाही. त्याने ती जागा काळी पडते, पण कीड बहुतेक वेळा थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला आहे.

सहा वर्षांच्या दाढेसाठी याहून सोपा उपाय आहे. ती पूर्ण वर आली की तिच्या माथ्यावरच्या खोल खाचा एका पातळ लेपाने बुजवून घेता येतात. त्याला सीलंट म्हणतात. टोचणं नाही, खरवडणं नाही, थोडाच वेळ लागतो. माझ्या मुलीला हे सहाव्या वर्षी करता आलं असतं. तिच्यावर आठव्या वर्षी नसेपर्यंतचा उपचार करावा लागला, आणि त्या वयात या दाढेची मुळं पूर्ण वाढलेलीही नसतात, ती नऊ-दहाव्या वर्षी पुरी होतात. म्हणून तो उपचार अवघड असतो, पुन्हा पुन्हा जावं लागतं.

घासण्याबद्दल थोडं. दिवसातून दोनदा, आणि त्यातलं रात्रीचं जास्त महत्त्वाचं. रात्री घासल्यावर पाण्याखेरीज काही नाही, दूधसुद्धा आधीच. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हातात ब्रश दिला तरी शेवटचा हात मोठ्या माणसाने फिरवावा. मुलाला मांडीवर डोकं ठेवून आडवं केलं की मागची दाढ नीट दिसते. येणारी दाढ अजून ओळीच्या खाली असते, म्हणून ब्रश बाजूने आडवा आत घालून तिच्या माथ्यावर फिरवावा लागतो. फ्लोराइडची पेस्ट वापरा, पाकिटावर १००० पीपीएमच्या आसपास आकडा असावा. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पेस्टची नागमोडी रेघ दाखवतात, तेवढी नको. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या पालकांनी पेस्टबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावं.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. आपल्या भागात, छत्तीसगडच्या सीमेला लागून असल्याने, गुडाखू घराघरांत आहे. आजी सकाळी ओसरीवर बसून गुडाखूने दात घासते आणि मांडीवरच्या नातवाच्या हिरडीलाही बोट लावते, दात शिवशिवतो म्हणून. गुडाखूत तंबाखू असते. दात हलत असलेल्या, हिरडी उघडी असलेल्या मुलाला ती लावणं म्हणजे सहाव्या वर्षी व्यसनाचं बोट धरायला शिकवणं. मिश्रीचंही तेच. बाजारात दाताचा किडा काढून दाखवतो म्हणणाऱ्यांकडेही नेऊ नका. दातात किडा नसतोच. गोड खाल्ल्यावर तोंडातले जंतू आम्ल तयार करतात, ते दात पोखरतं. चहात बुडवलेलं बिस्कीट दिवसातून चारदा खाण्यापेक्षा जेवणासोबत एकदा गोड खाल्लेलं बरं. शाळेच्या फाटकासमोरच्या पाच रुपयांच्या खाऊच्या पुड्या मी बंद करू शकले नाही. खाल्ल्यावर खळखळून चूळ भरायची सवय तेवढी वर्गाला लावली आहे.

गोंदिया जिल्ह्यात सिकलसेल असलेली मुलं बरीच आहेत. अशा मुलाचा दात काढायचा असेल तर आधी डॉक्टरांना सिकलसेलचं कार्ड दाखवा. दाताचा पू, ताप, पाणी कमी पडणं, यांतून त्यांना अंगदुखीचा झटका येऊ शकतो. त्यांच्या बाबतीत किडलेला दात उद्यावर ढकलू नये.

मधल्या सुट्टीत दात तुटण्याचे प्रकारही होतात. सहा-सात वर्षांच्या मुलाचा दुधाचा दात मार लागून निघाला तर तो परत बसवायचा नाही, खालच्या दाताला इजा होते. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा पक्का पुढचा दात मुळासकट बाहेर आला तर एकेक मिनिट मोलाचं आहे. दात शोधा, मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाने धरा. माती असेल तर दुधाने किंवा पाण्याने काही सेकंद धुवा, घासू नका. जमलं तर त्याच खड्ड्यात बसवून मुलाला कापड चावायला द्या. नाही जमलं तर कपभर दुधात टाका, साध्या पाण्यात नाही, कागदात गुंडाळून तर अजिबात नाही. अर्ध्या तासात, फार तर तासाभरात दंतवैद्याकडे पोचलात तर तो दात पुन्हा रुजू शकतो. आमच्या शाळेत यासाठीच दूध कुठल्या दुकानात कधीही मिळेल ते सगळ्यांना ठाऊक आहे.

खर्चाच्या भीतीने थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी २०१३ पासून फिरते आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा डॉक्टर तपासायला येतात, आणि त्यांच्या तपासणीत दातही असतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि त्यांनी चिठ्ठी दिली तर ती दप्तराच्या तळाशी राहू देऊ नका. गोंदियात केटीएस रुग्णालय आहे, २०१६ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं. दात दाखवायला आधी तिथे जा. अवघड काम असेल तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. रेल्वेने एकशेतीस किलोमीटर. सकाळच्या गाडीने निघालात तर संध्याकाळी घरी.

आमच्या शाळेत जुलैच्या पालकसभेत मी आता एक गोष्ट करते. रजिस्टर उघडायच्या आधी सगळ्यांना आपापले मोबाइल काढायला सांगते आणि मुलाला समोर उभं करून बॅटरीच्या उजेडात मागे बघायला लावते. दुधाच्या दाढा प्रत्येक बाजूला दोन, त्यामागे तिसरी दिसते का, मोजा. गेल्या वर्षी एक आजी आली होती, आईबाप रोवणीला गेलेले. तिने नातवाची हनुवटी धरली, डोकं खिडकीकडे वळवलं, बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "खाली दोन्हीकडं आली हाय. वरची अजून नाही दिसत. याले घासाले शिकवा मॅडम, मी पन घासून देतो घरी."